अंगणातले भांडे, रानातला पाणवठा

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. आम्ही अंगणात कडुनिंबाखाली मातीचे पसरट भांडे भरून ठेवतो. बुलबुल, साळुंक्या, खारी येतात. मुले खिडकीआडून गुपचूप पाहतात.

१९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबातही तसेच. नाले आटले की वाघ, गवे, चितळ पाणवठ्यावर येतात. म्हणूनच बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावरून प्राणी पाहतात.

पण याच उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया पहाटे मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला जंगलात जातात. वाघाच्या हल्ल्यात काही जणी परतत नाहीत. आम्ही हौसेने जातो, त्या पोटासाठी. मुलांना वाघ दाखवताना हेही सांगावे.

भांडे रोज घासून भरावे. मुक्या जिवाची तहान भागवणे सवाबाचे काम. दारावरून जाणाऱ्या कष्टकऱ्यालाही पाणी विचारावे.