सेनुआच्या कमरेचं गाठोडं

काल भाच्याने विचारलं, "मामा, हेडफोनशिवाय खेळलं तर चालेल ना?" गेम होता 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस'. म्हटलं, "अजिबात नाही रे!"

केंब्रिजच्या निंजा थिअरी स्टुडिओने २०१७ साली काढलेला हा गेम. सेनुआ पिक्ट जमातीची. नॉर्स हल्लेखोरांनी मारलेल्या आपल्या प्रियकराचं, डिलियनचं शिर कापडात गुंडाळून, कमरेला बांधून ती हेलहाइमला, म्हणजे नॉर्स मृत्युलोकात निघते, तिथल्या हेला देवीकडे त्याचा आत्मा परत मागायला.

तिला सतत आवाज ऐकू येतात. ते बायनॉरल पद्धतीने रेकॉर्ड केलेत. एक कुजबुज डाव्या कानात, दुसरी थेट मानेमागे. पहिल्या रात्री मी दोनदा वळून पाहिलं होतं! मानसोपचारतज्ज्ञ प्रा. पॉल फ्लेचर आणि सायकोसिस अनुभवलेली माणसं या कामात सल्लागार होती, ते जाणवतं.

(शेवट आधी कळायला नको असेल तर इथेच थांबा.)

नावातला 'सॅक्रिफाइस', म्हणजे त्याग, हा जीव देण्याचाच असेल असं मला वाटत होतं. पण इथे अखेरीस ते शिर खोल दरीत सोडलं जातं. आवाज मात्र जात नाहीत. सेनुआ त्यांना सोबत घेऊन पुढे निघते. ती 'बरी झाली' असं दाखवलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं.

आणि हो, सेनुआ साकारणारी मेलिना युर्गेन्स मुळात निंजा थिअरीतली व्हिडिओ एडिटर. २०१८ मध्ये तिला बाफ्टा मिळालं.

कुणी खेळायला घेत असेल तर काहीही विचारा, नक्की सांगेन.