विद्येला वारस हवा : बुऱ्हाणपूरची साक्ष

एखादी विद्याशाखा कशी घडली असे विचारले, की आपण बहुधा तिच्या घरातला इतिहास सांगतो. कोणी सिद्धांत मांडला, कोणी तो खोडला, कोणत्या ग्रंथाने आधीचा ग्रंथ मागे टाकला. व्यवसायाबद्दल बोलतानाही उस्ताद, शागीर्द आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव यांच्यापाशी आपण थांबतो. हे सगळे खरे असते, पण अपुरे असते. विद्येला नवे प्रश्न बहुतेक वेळा उंबऱ्याबाहेरून येतात. राजधानी हलते, दुष्काळ पडतो, दूरच्या बाजारातून वेगळ्या मालाची मागणी येते, परागंदा झालेला एखादा जाणकार गावात वस्तीला येतो आणि मग जुने ज्ञान नव्याने मांडणे भाग पडते. इथवर फारसा वाद होणार नाही. मला त्यापुढचे म्हणायचे आहे. बाहेरचा प्रभाव विद्येला जन्म देतो, वैभवही देतो. पण तिचे आयुष्य ठरवतो तो तिचा वारस. वारस म्हणजे ती विद्या रोज वापरणारी, तिच्यावर पोट भरणारी, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारी माणसे. हे विधान तपासायला तापीकाठच्या बुऱ्हाणपूरइतके सोयीचे गाव सापडणे कठीण. सोळाव्या-सतराव्या शतकांत इथे अनेक विद्या बाहेरून आल्या आणि प्रत्येकीचे नशीब वेगळे निघाले.

आज हे शहर मध्य प्रदेशात असले, तरी कित्येक पिढ्या ते खानदेशची राजधानी होते. इ. स. १४०० च्या सुमारास नासीरखान फारुकीने ते वसवले आणि खुलताबादेत चिरविश्रांती घेत असलेल्या सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. उत्तरेतून दख्खनेत उतरणारी वाट आणि सुरतेहून आग्ऱ्याकडे जाणारी वाट इथे एकत्र येत. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड सातपुड्याच्या खिंडीवर नजर ठेवून होता. अशा नाक्यावरच्या गावात परके येणारच. पण ते नुसते येऊन गेले नाहीत. राजा अलीखान फारुकीने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि संवत १६४६, शके १५११ अशी कालगणना आहे. बांधकाम मशिदीचे, आश्रय सुलतानाचा आणि तिथी-वार मांडणारी विद्या पंचांगकर्त्यांची. ती विद्या जाणणारे लोक गावात होते आणि त्यांच्या कामाला किंमत होती, एवढे या एका शिळेवरून निश्चित कळते.

पाण्यापासून सुरुवात करू. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचे मुख्य ठाणे झाले. सैन्य, हत्ती-घोडे, कारखाने आणि बाजार यांची तहान भागवणे नुसत्या नदीवर शक्य नव्हते. शिवाय वेढ्याच्या काळात नदीचे पाणी सुरक्षित मानता येत नसे. सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, इराणातल्या कनात पद्धतीची भूमिगत जलव्यवस्था उभी राहिली. तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाला परंपरा तिचे श्रेय देते. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी भूमिगत भंडाऱ्यांत साठवायचे, जमिनीखालून बेताच्या उताराचा बोगदा काढायचा, हवा-उजेडासाठी आणि गाळ उपसण्यासाठी ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खोदायच्या आणि कोणतेही यंत्र न लावता पाणी शहरापर्यंत आणायचे, अशी तिची रीत. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही नावे लोकांच्या तोंडी आजही आहेत. कुंडी भंडाऱ्याच्या शंभराहून अधिक कुंड्या एका ओळीत शहराकडे येतात आणि चारशे वर्षांनंतरही त्यांच्या तळाशी पाणी वाहते.

यावर कोणी म्हणेल, की विहिरी, बारव आणि तळी खोदण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. मग सगळे श्रेय इराणला का द्यावे? आक्षेपात तथ्य आहे. काळ्या मातीखालचा खडक कुठे कठीण आणि कुठे भुसभुशीत, कोणत्या मोसमात पाण्याची पातळी किती उतरते, हे खोदणाऱ्या स्थानिक हातांनाच ठाऊक असणार. मात्र उताराचे गणित सांभाळत जमिनीखालून मैलोगणती पाणी चालवण्याची योजना या परंपरेत नव्हती. ती बाहेरून आली. त्याच दशकात मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधला. तिथेही नवी योजना आणि दख्खनी मातीची जाण यांचा असाच मेळ दिसतो. तेव्हा श्रेय विभागून द्यावे लागते, आणि तसे दिल्याने कोणाचेच काही उणे होत नाही.

खरा फरक पुढे पडला. इराणात कनात खोदणारा आणि साफ ठेवणारा मुकन्नी हा पिढीजात पेशा होता. बापाकडून मुलाकडे हत्यारे जात, बोगद्यातल्या धोक्यांची समज जाई आणि दुरुस्तीचा हक्कही जाई. बुऱ्हाणपुरात वास्तू आली, पण तिच्या तोडीचा पेशा रुजला नाही. शासनाने निगा राखली तोवर व्यवस्था चालली. शासनाचे लक्ष उडाले तसे बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर चढत गेले आणि कुंड्यांत गाळ साचला. २०१६ मध्ये इराणातल्या अकरा कनाती जागतिक वारसा ठरल्या. बुऱ्हाणपूरची व्यवस्था २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. हा गौरव आनंदाचा आहे. तरी इथे वास्तूला मान मिळाला आणि विद्येला वारस मिळाला नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. सोळाव्या शतकात सिंधमधली उलथापालथ टाळून अनेक विद्वान आणि विणकर बुऱ्हाणपूरला आले. सिंधीपुरा हा मोहल्ला त्यांची खूण आहे. हदीसचे अभ्यासक शेख ताहिर आणि त्यांचे पुतणे शेख ईसा जुंदुल्ला ही त्यांतली मोठी नावे. बुऱ्हाणपुरात जन्मलेले अली मुत्तकी मक्केत स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी ‘कन्ज़-उल्-उम्माल’ हा चाळीस हजारांहून अधिक हदीसांचा विषयवार संग्रह सिद्ध केला. मुहम्मद इब्न फज़्लुल्लाह बुऱ्हाणपुरी यांनी १५९० मध्ये अरबीत ‘तुहफा’ ही छोटी पुस्तिका लिहिली. अस्तित्वाच्या सात पायऱ्या मांडून ईश्वर आणि सृष्टी यांच्या ऐक्याचा विचार मर्यादेत ठेवण्याचा तिचा हेतू होता. ती सुमात्रातल्या आचेपर्यंत गेली, तिथून मलय आणि जावानी भाषांत उतरली. तिच्या अर्थावरून तिकडे तीव्र वाद झाले, आणि त्या बेटांवरच्या विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून मदीनेच्या इब्राहीम अल्-कुरानी यांनी तिच्यावर भाष्य लिहिले. प्रश्न उठला आचेत, उत्तर दिले मदीनेने आणि मूळ ग्रंथ तापीकाठचा. विद्येचा वारस तिच्याच गावात हवा असे नाही, हे यावरून दिसते. मात्र तो कुठेतरी हवा, आणि त्याच्यापाशी स्वतःचा प्रश्न हवा. ज्याला स्वतःचा प्रश्न नाही तो ग्रंथ जपून ठेवील, पण विद्या पुढे नेणार नाही.

तिसरी विद्या हिशेबाची आणि लेखणीची. मोगल कारभाराची भाषा फारसी होती, म्हणून कायस्थ कुटुंबांनी ती आपली केली. बुऱ्हाणपुरात १६४९ मध्ये जन्मलेला भीमसेन सक्सेना हा त्यांतलाच एक. त्याचे वडील दख्खनेतल्या मोगल तोफखान्याच्या हिशेबखात्यात होते, आणि तो स्वतः पुढे दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत राहिला. फौजेबरोबर हिंडणाऱ्या या कारकुनाने ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ लिहिली. पगार थकले की शिपाई काय करतो, रयत वैतागली की मराठ्यांना कशी मिळते, लांबलेल्या मोहिमेने सुभे कसे पोखरले जातात, हे त्याने जवळून पाहिले आणि बादशाही धोरणातले दोषही मांडले. दरबारी इतिहासकाराला जे दिसत नाही ते हिशेबनिसाला दिसते, कारण आकडे लपवता येत नाहीत. पेशाने दिलेली ही दृष्टी इतिहासलेखनात उतरली, हा भीमसेनचा मोठेपणा. फारसी कारभार संपला आणि त्याचा पेशाही संपला. त्याच्या ग्रंथाला मात्र अनपेक्षित वारस मिळाले. जदुनाथ सरकारांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९७२ मध्ये महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाने प्रसिद्ध केला आणि सेतुमाधवराव पगडींनी भीमसेनला मराठीत आणले. मोगली छावणीत लिहिलेली बखर आज मराठ्यांच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

सर्वांत दीर्घायुषी ठरली ती विणकरी. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथून गेला. इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने नोंदवले आहे. टोकांना जर लावलेल्या ओढण्या, बुरखे, पलंगपोस आणि रुमाल असे वेगवेगळे माल वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी विणले जात. म्हणजे पोत, काठ आणि लांबी-रुंदी ठरवण्यात परदेशी मागणीचा वाटा मोठा होता. जरीकामात कसाला महत्त्व होते. एतद्देशीय राजवटीत सरकारी पारखी सोन्या-चांदीची शुद्धता तपासत आणि त्यामुळे बुऱ्हाणपुरी कलाबतूची पत टिकली, हे निमाडचा बंदोबस्त अधिकारी फोर्सिथ याच्या काळातल्या नोंदींवरून कळते. एकोणिसाव्या शतकात दरबार उरला नाही आणि विलायती कापड बाजारात आले. त्याच काळात उत्तरेतले मोमीन विणकर मालेगाव, भिवंडी आणि धुळ्याप्रमाणे इथेही येऊन वसले. १९०६ मध्ये ताप्ती मिल उभी राहिली आणि पुढे यंत्रमाग आले. तलम मलमल जाऊन साधे कापड आले, हातमाग जाऊन यंत्र आले, पण सूत ताणणारी, माग बसवणारी आणि कापडातला दोष नजरेने हेरणारी वस्ती राहिली. बाहेरचा प्रत्येक धक्का पचवायला इथे माणसे होती. पाण्याच्या विद्येला नेमकी हीच माणसे मिळाली नव्हती.

इथे एक गंभीर आक्षेप घ्यायलाच हवा. हे सारे प्रभाव तलवारीमागून आले. मग त्यांना विद्येचा व्यवहार म्हणणे म्हणजे जुलमाला गोड नाव देणे नव्हे काय? बुऱ्हाणपूर हे मोहिमांचे गाव होते, याकडे डोळेझाक करता येणार नाही. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात शाहजहान इथेच तळ देऊन होता. दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याचे दरबारी इतिहास सांगतो. पण दुष्काळात होरपळलेल्या मुलखावर त्याच वेळी युद्धाचाही भार होता. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने इथले श्रीमंत पुरे लुटले. तेव्हा शहरातल्या उलेमांनी औरंगजेबाला कळवले, की संरक्षण मिळणार नसेल तर जुम्याची नमाज बंद ठेवू. त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला. विद्वानांचा वर्ग सत्तेचा आश्रित असतो, तसा तो सत्तेवर दडपणही आणू शकतो, हे या प्रसंगात दिसते. जुलूम आणि विद्या एकाच वाटेने आल्या, म्हणून विद्येचा त्याग केला तर नुकसान शिकणाऱ्याचेच होते. जेत्याने आणलेले कायमचे जेत्याचेच राहते, असे मानणे म्हणजे ते वापरणाऱ्या कोष्ट्याचा, कारकुनाचा आणि खोदकाम करणाऱ्याचा वाटा नाकारणे.

दुसरा आक्षेप विद्वानांच्या बाजूचा आहे. बाहेरच्या मागणीने चालणारी विद्या मिंधी होते, सत्य सोडून मालकाची मर्जी राखते, असे ते म्हणतात. धोका खराच आहे. खानखानानाच्या पदरी कवी, चित्रकार आणि ग्रंथकार होते. अब्दुल बाकी नहावंदीने १६१६ मध्ये पूर्ण केलेला ‘मआसिर-इ-रहीमी’ त्यांच्या नोंदींनी भरला आहे. खानखानानावर बादशाही मर्जी फिरली, १६२७ मध्ये तो वारला आणि दख्खनच्या कारभाराचे केंद्रही पुढे औरंगाबादला गेले. आश्रयदाता गेला तशी ती मंडळी पांगली. परंतु यातून बाहेरचा प्रभाव नको असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की एकाच आश्रयदात्यावर उभी असलेली विद्या ठिसूळ असते. विणकरांना गिऱ्हाइके अनेक होती, ‘तुहफा’ला वाचक अनेक देशांत होते; म्हणून एक हात सुटला तरी दुसरा धरायला मिळाला. विद्येचे स्वातंत्र्य बाहेरचे दार बंद करून मिळत नाही. दारे अनेक असली की ते मिळते.

आजच्या बुऱ्हाणपुरात हा विचार थेट कामाचा आहे. शहरातल्या युनानी महाविद्यालयाकडे पाहावे. ग्रीक, अरब, इराणी असा प्रवास करून आलेले हे वैद्यक इथे शिकवले जाते आणि १९७० च्या केंद्रीय कायद्याने त्याला नियम व पदवी यांची चौकट दिली. त्या चौकटीबद्दल वाद होऊ शकतो, पण तिच्यामुळे शिकणारे आणि शिकवणारे यांची साखळी शाबूत राहिली. कुंडी भंडाऱ्याला अशी साखळी नाही. जिल्ह्याची ओळख आज केळीची आहे, केळीला पाणी फार लागते आणि कूपनलिका ज्या भूजलावर चालतात तेच या बोगद्याचे भांडवल आहे. निव्वळ संरक्षित स्मारकाचा दर्जा देऊन हा पेच सुटणार नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, भूजलतज्ज्ञ आणि पाणी वापरणारे शेतकरी यांनी उताराचे मोजमाप, पुनर्भरणाचे हिशेब आणि सफाईची रीत आपली मानली, कुंडीत उतरून काम करणाऱ्याला नियमित वेतन आणि मान मिळाला, तर चार शतकांपूर्वी राहून गेलेला पेशा इथे आता उभा राहू शकेल. बाहेरून आलेली विद्या आपली कधी होते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या उगमात शोधण्यात अर्थ नाही. तिच्या देखभालीची जबाबदारी आपण अंगावर घेतो त्या दिवसापासून ती आपली होते.