आभाळातल्या अडीच उजन्या

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम अडीचशे किलोमीटरवर असलेल्या सोलापूर जिल्ह्याची सरासरी आहे सुमारे साडेपाचशे. सह्याद्रीने ढग अडवले आणि आपल्या कपाळी 'दुष्काळी' हा शिक्का बसला. पण त्या साडेपाचशेचा हिशेब एकदा मांडून पाहा.

एका एकरावर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे 22 लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे टँकर धरले, तर एका एकराच्या वाट्याला 220 टँकर! जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,895 चौरस किलोमीटर. त्यावर पडणारे पाणी होते 8 लाख कोटी लिटरहून जास्त, म्हणजे सुमारे 289 टीएमसी (अब्ज घनफूट). उजनी धरण काठोकाठ भरले की त्यात 117 टीएमसी मावते. म्हणजे या दुष्काळी जिल्ह्यावर सरासरीच्या वर्षी जवळजवळ अडीच उजन्या बरसतात. 2011 च्या जनगणनेतले 43 लाख 17 हजार लोक धरले, तर माणशी रोजचे पाच हजार लिटर!

उजनीचाही एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. 117 पैकी जवळपास 64 टीएमसी मृतसाठा आहे. टक्केवारी मोजतात ती त्यावरच्या उपयुक्त साठ्याची; म्हणून धरण 'शून्य टक्के' झाल्याची बातमी येते, तेव्हाही निम्म्याहून अधिक पाणी तळाशी असते.

मग आभाळातल्या अडीच उजन्या जातात कुठे? बरेचसे पाणी उन्हाने उडते, काही पिके पितात, काही भीमा-सीनेतून कर्नाटकात उतरते. जमिनीत मुरायचे, तर खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात. बार्शीकडचे बालाघाटचे डोंगर आणि माळशिरस-सांगोल्याकडे उतरलेल्या महादेवाच्या डोंगररांगा याच पाषाणाच्या. त्यांच्या उतारावर पाणी थांबत नाही.

पाणी अडवावे लागते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे खोदवले. नऊशे वर्षांनंतरही ते शहराच्या मधोमध आहे. सोलापूरजवळच्या हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 मध्ये पुरा झाला. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने तर काळ्या रानालाच तळे केले. सप्टेंबरचा पाऊस ती माती पोटात धरते आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी हिवाळाभर वाढते. त्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकन आहे.

सगळा पाऊस अडवता येणार नाही, आणि अडवूही नये; नदीचा आणि खालच्या गावांचाही त्यावर हक्क आहे. पण त्यातला दहावा भाग जरी बांधबंदिस्तीत, शेततळ्यात, विहिरीच्या पुनर्भरणात मुरला, तरी तो 29 टीएमसी होतो. उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून जास्त!

सुरुवात घरापासून करा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षात सुमारे 51 हजार लिटर पाणी पडते. म्हणजे पाच टँकर. येत्या मृगाआधी त्या गच्चीचा पाइप बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडा.