वकीलसाहेबांचा टचडाऊन!

हातात कायद्याची डिग्री, डोक्यात अमेरिकन फुटबॉल आणि पुढे राज्याच्या सिनेटमध्ये खुर्ची! एकाच माणसाला हे सगळं जमतं? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलमध्ये एकाला जमलं. नाव डॅन मॅकगुगिन. चला, किक-ऑफ!

साल 1904. पंचविशीतला हा पोरगा व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचा कोच झाला. पहिली मॅच 61-0. दुसरी 66-0. तिसरी 69-0! सीझन संपला तेव्हा टीमच्या खात्यात जमा 474 पॉइंट, खर्च फक्त 4.

ते 4 गेले कुठे, माहीत आहे का? मिसूरी माइन्सच्या टीमने मारलेल्या एकुलत्या एका फील्ड गोलवर! तेव्हा फील्ड गोलला 4 पॉइंट मिळायचे, टचडाऊनला 5. आणि बॉल पुढे फेकायचा फॉरवर्ड पास तर नियमात आला 1906 मध्ये. म्हणजे ही 474 ची कमाई बॉल काखेत मारून, अंगाला अंग भिडवून आणि लाथेच्या जोरावर! आपला तर कडक सॅल्यूट.

हे बाळकडू मिळालं मिशिगन युनिव्हर्सिटीमध्ये. खेळाडू मॅकगुगिनच्या 1901 च्या टीमने अख्ख्या सीझनमध्ये 550 पॉइंट कुटले आणि दिला एकही नाही. शेवटची मॅच होती 1 जानेवारी 1902 ला, पहिलावहिला रोझ बोल. मिशिगनचे तेच 11 गडी पहिल्यापासून शेवटपर्यंत मैदानात, बदली खेळाडू शून्य! 49-0 झाल्यावर स्टॅनफर्डने मॅच अर्धवट सोडली. आयोजकांनी धसका घेतला आणि 1916 पर्यंत तिथे फुटबॉलच नाही. मधल्या काळात चक्क रथांच्या शर्यती लावल्या!

त्या टीमचा कोच होता फील्डिंग योस्ट. हो हो, नावच फील्डिंग! मॅकगुगिनने व्हर्जिनिया फाइटशी लग्न केलं, योस्टने तिची बहीण युनिसशी. गुरू-शिष्य झाले साडू! मग मैदानावर साडू विरुद्ध साडू. 1911 मध्ये व्हँडरबिल्ट हरलं ते 9-8 असं, एका पॉइंटने. आणि माहीत आहे का, मॅकगुगिनला योस्टच्या मिशिगनला कधीच हरवता आलं नाही!

सगळ्यात जवळ गेला तो 1922 ला. नवंकोरं डडली फील्ड, उद्घाटनाची मॅच, समोर मिशिगन. सांगतात की, मॅचआधी वकीलसाहेबांनी पोरांपुढे केस मांडली : तिकडे कब्रस्तानात तुमचे आजोबा निजलेत आणि त्यांना तिथे पाठवणाऱ्या उत्तरेकडच्यांचे नातू आज समोर उभे आहेत. पोरं पेटली! गोल लाईनच्या तोंडाशी आलेल्या मिशिगनला त्यांनी आत घुसूच दिलं नाही. निकाल 0-0.

आता ट्विस्ट. उत्तर विरुद्ध दक्षिण अशा त्या अमेरिकन यादवी युद्धात खुद्द मॅकगुगिनचे वडील उत्तरेच्याच सैन्यात होते! दक्षिणेतल्या पोरांना पेटवणारा हा कोच मूळचा आयोवाचा.

एक गोष्ट मात्र काळजाला लागते. त्याचा लाडका क्वार्टरबॅक इर्बी करी, टोपणनाव ‘रॅबिट’. 1918 मध्ये पहिल्या महायुद्धात हा पोरगा वैमानिक म्हणून मारला गेला. नवं स्टेडियम झाल्यावर जुन्या मैदानाला करीचं नाव दिलं गेलं.

दबदबा किती? त्याच राज्यातल्या टेनेसी युनिव्हर्सिटीने 1926 मध्ये रॉबर्ट नेलँडला कोच नेमलं, ते व्हँडरबिल्टचा हिशेब चुकता करायला सांगूनच! प्रतिस्पर्ध्याने आपल्यासाठी खास माणूस नेमावा, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं?

1934 ला मॅकगुगिन थांबला. एकूण 30 सीझन : 197 विजय, 55 पराभव, 19 बरोबरी. 1951 मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. व्हँडरबिल्टमध्ये इतके विजय आजवर दुसऱ्या कुठल्याही फुटबॉल कोचला मिळालेले नाहीत.