केसपेपर कोणाच्या हातात?

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात एका विशीतल्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. पायाला फळ्या बांधून त्याला दोनशे मैलांवरच्या पुण्याला आणलं. तिथल्या रुग्णालयात पूर्ण भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, माणसं लावून त्याचा पाय ओढला गेला. त्याच रात्री तो गेला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रुग्ण घ्यायचा की नाही, उपचार कोणते करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घ्यायलाच हवी, असं सांगणारा हा ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ निकाल वकील आजही काढतात. दावा लावणारे वडील स्वतः डॉक्टर होते, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले आणि दिवाणी कोर्टाच्या फेऱ्यांना पर्याय मिळाला.

त्यानंतरचा सर्वांत गाजलेला खटला कोलकात्याचा. अमेरिकेत राहणाऱ्या अनुराधा साहा १९९८ मध्ये सुट्टीला आल्या असताना अंगावर पुरळ उठलं. शरीरात दीर्घकाळ टिकणारं डेपोमेड्रॉल हे स्टेरॉइड त्यांना ८० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोनदा द्यायला सांगितलं गेलं. प्रकृती ढासळल्यावर त्यांना मुंबईला हलवलं. तिथे त्यांचा मृत्यू झाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५.९६ कोटी रुपये आणि त्यावर ६ टक्के व्याज मंजूर केलं. पंधरा वर्षं लढणारे पती कुणाल साहा, तेही डॉक्टरच.

हा निव्वळ योगायोग म्हणता येईल का? औषधाची मात्रा चुकली, हे कळायला आधी ती किती असते ते ठाऊक हवं. सर्वसामान्य नातेवाइकाच्या हाती असते फक्त फाइल, आणि बऱ्याचदा तीही नसते. डिस्चार्ज कार्ड म्हणजे सगळी फाइल नव्हे. केसपेपर, नर्सिंग चार्ट, भुलीच्या नोंदी आणि संमतिपत्र मागावं लागतं. लेखी अर्ज दिल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला मात्र विसरू नये.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक तक्रारीत लागतंच असं नाही. मलेरिया झालेल्या बाईवर टायफॉइडचे उपचार झाले, त्या प्रकरणात २०१० मध्ये न्यायालयाने हे स्पष्ट केलं. फौजदारी तक्रारीचं तसं नाही. २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने तिथे घोर निष्काळजीपणाची अट घातली आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला सांगितलं. हे योग्यच झालं. रुग्ण दगावला की पोलीस दारात, अशा धास्तीत कोण अवघड शस्त्रक्रिया करील?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीने मृत्यू ओढवल्यास इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना घडल्यास दोन वर्षांपर्यंत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वकिलांना ग्राहक कायद्यातून वगळताना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालाचाही फेरविचार सुचवला आणि डॉक्टरांच्या आशा पालवल्या. नोव्हेंबरमध्ये त्रिसदस्यीय पीठाने त्याची गरज नसल्याचं सांगितलं.

२०१९ च्या ग्राहक कायद्याने एक वाट जवळ आणली. तक्रार कुठे लावायची हे आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, भरलेल्या बिलावर ठरतं. बिल ५० लाखांच्या आत असेल, तर कोटींची मागणीही जिल्हा आयोगातच करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क पडत नाही. मुदत दोन वर्षांची.