‘बरोबर कोणी माणूस नाही का?’

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. धोम धरणाच्या कडेनं वाईकडे येणारा रस्ता. साडेसहा वाजून गेलेले, पाण्यावर काळोख उतरू लागलेला. मागच्या सीटवर आमच्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या अक्का, वय वर्षं अठ्ठावन्न. अचानक गाडीचं मागचं अंग डोलायला लागलं. थांबून बघते तर मागच्या चाकात हा एवढा खिळा! तेवढ्यात एक दुचाकी येऊन थांबली. दोघं जण होते. त्यातल्या एकानं आधी आमच्या गाडीकडे पाहिलं, मग आम्हा दोघींकडे, आणि विचारलं, ‘‘वहिनी, गाडी कोणाची? बरोबर कोणी माणूस नाही का?’’

त्याला काय उत्तर दिलं ते सांगतेच. पण त्याआधी ही गाडी माझ्या हाती कशी आली ते सांगायला हवं. कारण ही काही स्कूटी नव्हे. ही आहे ट्रायम्फ स्पीड ४००. नाव विलायती, घराणंही विलायती, पण जन्म मात्र आपल्या पुण्याजवळच्या चाकणचा!

आमच्या मुलाला नोकरी लागली आणि २०२३च्या दिवाळीत त्यानं स्वतःच्या पगारातून ती घेतली. काय तिचं कौतुक! पुढच्या जूनमध्ये त्याची बदली बंगळूरला झाली आणि गाडी राहिली आमच्या अंगणात, ताडपत्रीखाली. ह्यांना मणक्याचा त्रास, त्यामुळे मोटारसायकल बंदच. तीन महिने ती नुसती उभी होती. सासूबाई एक दिवस म्हणाल्या, ‘‘दारात बैल बांधला तर त्याला वैरण घालावी लागते. घालायची नसेल तर विकून टाका.’’

विकायचं ठरलं. गिऱ्हाईक आलं, चावी फिरवली, आणि गाडी ढिम्म. या गाड्यांना किक नसते. पेट्रोल इंजिनात सोडण्याचं कामसुद्धा विजेवर चालतं. म्हणजे बॅटरी उतरली की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. गिऱ्हाईक निघून गेलं. बॅटरी चार्ज करून आणली, बसवली, तरी चालू होईना! शेजारचे चार पुरुष गोळा झाले. कोणी म्हणे प्लग काढा, कोणी म्हणे कार्बोरेटर साफ करा. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला हसून म्हणाला, ‘‘कार्बोरेटर आहे कुठं ह्यात?’’ मी आपली बाजूला बसून गाडीबरोबर आलेली पुस्तिका चाळत होते. बी. ए.ला असल्यापासून सवय आहे, काही समजलं नाही की आधी पुस्तक उघडायचं. त्यात दिसलं, उजव्या मुठीपाशी इंजिन बंद करायचं एक बटण असतं. उठून पाहिलं तर कोणाचा तरी हात लागून ते बंदवर गेलेलं! मी ते दाबलं, स्टार्टर दिला आणि गाडी गुरगुरायला लागली.

त्या दिवशी मी ठरवलं, गाडी विकायची नाही. वापरायची.

लग्नाआधी लुना आणि नंतर स्कूटी चालवलेली असली तरी माझ्या परवान्यावर गिअरच्या गाडीची नोंद नव्हती. मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींचा परवाना फक्त बिनागिअरचा असतो. त्यावर मोटारसायकल चालवली आणि काही झालं, तर विम्याचे पैसे मिळतानाही अडचण येते. म्हणून आधी शिकाऊ परवाना, मग रीतसर परीक्षा. शिकले मात्र शेजारच्या भाचीच्या जुन्या हलक्या गाडीवर, शाळेच्या मैदानात, पहाटे पाच वाजता. कोणी बघायला नको म्हणून!

या गाडीचं वजन १७६ किलो. म्हणजे साडेतीन पोती गहू. सीट जमिनीपासून ७९ सेंटिमीटर वर. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे पायांचे चवडे टेकतात, टाचा नाही. इंजिन ३९८ सी.सी.चं, ताकद ४० अश्वशक्तीची. आकडे ऐकून छाती दडपते, पण चालू लागली की ही गाडी शहाण्या बैलासारखी चालते. क्लच हलका आहे. ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये म्हणून दोन्ही चाकांना ए.बी.एस. आहे. पसरणी घाटात पावसाळ्यात त्याची किंमत कळते. त्रास होतो तो गर्दीत. सोमवारी वाईच्या बाजारातून हळूहळू जाताना इंजिन तापतं, पंखा सुरू होतो आणि पायांवर गरम हवा येते, गुऱ्हाळाच्या चुलाणाशी उभं राहिल्यासारखी.

आणि हो, मी पडलेही. चालताना नाही, थांबताना! उतारावर खडी होती, पाय सरकला आणि गाडी सावकाश आडवी झाली. मी रडकुंडीला आले. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘आई, तोंड गाडीकडे करून ओढू नकोस, पाठ मोडेल.’’ त्यानं सांगितलेली युक्ती तुम्हालाही सांगते. आधी इंजिन बंद करायचं आणि चाक फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसायचं, एका हातानं हँडलची मूठ आणि दुसऱ्या हातानं मागचा दांडा धरायचा, आणि पायांनी रेटा देत मागे मागे उठायचं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर ती दुसरीकडे आडवी होते. डोक्यावर हंडा घेऊन उठणाऱ्या बायका आपण. ताकद आपल्या पायांत आहेच, फक्त ती कुठं लावायची ते कळायला हवं.

मग माझ्या लक्षात आलं की चालवता येणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे निगा. आजवर गाडीचं काहीही झालं की आपण म्हणतो, ‘ह्यांना विचारते’. ते वाक्य मला या गाडीच्या बाबतीत म्हणायचं नव्हतं.

आता माझा शनिवार ठरलेला आहे. सकाळचा स्वयंपाक झाला की अंगणात पाट टाकून बसते. आधी हवा. दोन्ही चाकांतली हवा मापकानं मोजायची, तीही गाडी थंड असताना. किती हवी ते पुस्तिकेत दिलेलं असतं. मग साखळी. मागचं चाक फिरतं ते हिच्यामुळे. ही गाडी सेंटर स्टँडवर उभी राहत नाही, त्यामुळे मागचं चाक उचलायला मुलानं एक वेगळा स्टँड घेऊन ठेवलाय. मऊ ब्रशनं साखळीची धूळ काढायची, कापडानं कोरडी करायची आणि चाक हातानं फिरवत आतल्या बाजूनं साखळीचं तेल मारायचं. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, पावसात भिजली तर आधीच. साखळी फार सैल असेल तर निसटू शकते, फार ताणलेली असेल तर झिजते. किती हलायला हवी त्याचं मापही पुस्तिकेत आहे.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगते. इंजिन चालू ठेवून, चाक आपोआप फिरतंय म्हणून साखळी कधीही पुसायची नाही. फडकं साखळीत अडकतं आणि पाठोपाठ बोटं जातात. तसाच साडीचा पदर आणि ओढणी. आपल्याकडे किती जणींचा गळा किंवा पाय त्यापायी गेलाय! मी गाडीवर सलवार-कमीज घालते आणि ओढणी पिशवीत ठेवते. अक्का नऊवारी नेसतात, कासोटा घट्ट खोचून बसतात. हेल्मेट दोघींनाही.

साखळीनंतर इंजिनाचं तेल, ब्रेकचं तेल आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची, पातळी बघायची. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. प्रेशर कुकरची शिट्टी काढायच्या आधी आपण थांबतो ना, अगदी तसंच. शेवटी दिवे, इंडिकेटर, हॉर्न. सगळं मिळून अर्धा तास. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली अर्धा तास फिरवायची. जागच्या जागी दोन मिनिटं चालू केल्यानं बॅटरी भरत नाही.

बाकीची कामं मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. ब्रेकचं तेल बदलणं, व्हॉल्व्ह तपासणं, वायरिंग ही जाणकाराची कामं आहेत. मोठी सर्व्हिस १६,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा. माझं फिरणं तेवढं नसल्यामुळे वर्षातून एकदा पुण्याला जाते. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलानं विचारलं, ‘‘सर आले नाहीत का?’’ मी कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, पुढच्या ब्रेकला हलका आवाज, साखळीचा ताण तपासावा. तो खुर्ची ओढून म्हणाला, ‘‘बसा मॅडम.’’

गाडीची माहिती काढताना तिचा इतिहासही वाचला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात ट्रायम्फची पहिली मोटारसायकल १९०२ साली तयार झाली. पुढं मेरिडन इथला कारखाना मालकांनी १९७३मध्ये बंद करायचा ठरवल्यावर कामगारांनी तो अडवून धरला आणि १९७५मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढून गाड्या बनवायला सुरुवात केली. हे वाचून गट चालवणाऱ्या माझ्यासारखीच्या अंगावर काटा आला! संस्था १९८३मध्ये बुडाली. मग जॉन ब्लूर नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं ते नाव विकत घेतलं आणि हिंक्लीला नवा कारखाना उभारला. आजची ट्रायम्फ ती. तिथं आखलेली ही ४०० सी.सी.ची गाडी २०२३पासून बजाज चाकणला बनवते. त्याच चाकणमध्ये २०१६ साली बजाजच्या डॉमिनार गाडीच्या जोडणीचं काम बायकांच्या तुकडीकडे सोपवलं होतं. गाडी जोडणाऱ्या बायका असतात, मग चिखलातून ती बाहेर काढणारी बाई बघून लोकांना एवढं नवल का वाटतं?

तर आता त्या संध्याकाळकडे येते.

‘‘बरोबर कोणी माणूस नाही का?’’ मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाल्या, ‘‘आम्ही दोघी काय दिसतोय तुम्हाला?’’ तो माणूस ओशाळला. खोटं कशाला बोलू, मनातून मी घाबरले होते. रस्ता सुनसान, मोबाइलला रेंज नाही. पण सीटखाली पंक्चरचं सामान होतं, आणि घरच्या अंगणात जुन्या टायरवर मी ते दोनदा करून पाहिलं होतं.

या चाकांना आत ट्यूब नसते, म्हणून चाक खोलावं लागत नाही. पकडीनं खिळा उपसला. हवा फुस्सकन सुटली. कानशीसारख्या टोच्यानं भोक आतून खरवडलं. सुईत चिकट वात ओवली, सगळा जोर लावून भोकात खुपसली आणि सुई झटक्यात बाहेर ओढली. वात आत राहिली. वर आलेलं टोक कापलं. अक्कांनी बाटलीतलं पाणी ओतून बुडबुडे येतात का पाहिलं. मग बॅटरीवरच्या छोट्या पंपानं हवा भरली. वीस मिनिटं लागली. खिळा मधोमध होता म्हणून जमलं. चाकाच्या बगलेत घुसला असता तर असं चालत नाही. शिवाय ही मलमपट्टी तात्पुरतीच. दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात दाखवून घेतलं.

त्या वीस मिनिटांत ते दोघं गेले नाहीत. ज्यानं विचारलं होतं तोच मोबाइलचा उजेड धरून उभा होता. निघताना म्हणाला, ‘‘वहिनी, माझी लेक स्कूटीवरून कॉलेजला जाते. तिला हे शिकवाल का?’’

त्यातूनच आमचा दुसऱ्या रविवारचा वर्ग सुरू झाला. शाळेच्या त्याच मैदानात, पण आता पहाटे नाही, सकाळी दहा वाजता, सगळ्यांसमोर. बहुतेक जणी स्कूटीवाल्या. हवा मोजायची, ब्रेकची वायर आणि दिवे तपासायचे, पंक्चर काढायचं, पडलेली गाडी उचलायची. त्या माणसाची लेकही येते.

अक्का अजून गाडी चालवत नाहीत. ‘‘या वयात नको गं बाई’’ म्हणतात. पण परवा गटाच्या बैठकीत इतिवृत्ताची वही काढताना त्यांच्या पिशवीतून काहीतरी खाली पडलं. पाहिलं तर पंक्चरच्या वातींचं नवं पाकीट होतं.