तीन भाकरी, चार ताटं

घरात तीन भाकरी आहेत आणि जेवायला चार जण बसलेत. सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे. कशी वाटाल? लगेच वही काढू नका. आधी डोळ्यांसमोर भाकरी आणा.

हेच कोडं मी सिल्वासाच्या एका प्राथमिक शाळेत, चौथीच्या वर्गात घातलं. सिल्वासा हे दादरा आणि नगर हवेलीतलं मुख्य शहर, दमणगंगेच्या काठचं. एकीकडे गुजरातचं वापी, दुसरीकडे महाराष्ट्रातली तलासरी. त्यामुळे वर्गात मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. वारली आणि कोकणा घरांतली मुलंही होती. खाकी कागदाच्या गोल चकत्या कापून नेल्या होत्या. त्या आमच्या नागलीच्या भाकरी!

पहिल्या बाकावरचा मुलगा झटकन म्हणाला, "प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करा. ज्याला त्याला तीन तीन." अगदी बरोबर. पण तुकडे झाले बारा. मागून एक मुलगी म्हणाली, "एवढा चुरा कशाला? दोन भाकरी अर्ध्या अर्ध्या करा, तिसरीचे चार करा. सगळ्यांना एक अर्धी आणि एक पाव." आठ तुकड्यांत काम झालं.

पण दोघांचा वाटा सारखाच कशावरून? फळ्यावर काहीच लिहिलं नाही. तिच्या अर्ध्या तुकड्यावर त्याचे दोन पाव ठेवून पाहिले. नेमके बसले! उरला एकेक पाव, तो तर सारखाच.

तेवढ्यात खिडकीजवळून तिसरी युक्ती आली. "प्रत्येक भाकरीतून एक पाव काढा. उरलेले तीन मोठे तुकडे तिघांना, आणि काढलेले तिन्ही पाव चौथ्याला." फक्त सहा तुकडे! आणि इथे भांडण जुंपलं. "चौथ्याला काय नुसते तुकडेच?" वाटा सारखा, पण ताटात दिसायला सारखा नाही. मला ही तक्रार फार आवडली. वाटणी करणाऱ्याने एवढं बघायलाच हवं.

आता खरी गंमत. ही तिसरी युक्ती आपण रोज बोलतो! संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय. गाईचे पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. बोलून बोलून त्या पादाचा 'पाव' झाला. (बेकरीतला पाव वेगळा हं. ते नाव पोर्तुगीजांकडून आलं, आणि नगर हवेलीत १९५४ पर्यंत त्यांचंच राज्य होतं.) 'ऊन' म्हणजे कमी. पाद ऊन, म्हणजे 'पादोन', त्याचं झालं पाऊण. एकातून पाव काढला की पाऊण. खिडकीजवळच्या मुलाने कागदावर हेच तर केलं होतं! आणि 'सपाद', म्हणजे पावासकट, त्याचा झाला सव्वा.

मी विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात? गुजराती मुलगा म्हणाला, पोणो. हिंदी बोलणारी मुलगी म्हणाली, पौन. मग तर झुंबड उडाली. सव्वाला दोघांकडेही सवा. दीडला दोढ आणि डेढ. अडीचला अढी आणि ढाई. एकाच घरातली भावंडं वाटावीत असे शब्द! अडीचचं मूळ तर फारच सुंदर आहे: 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. दोन भाकरी पूर्ण खाल्ल्या, तिसरी अर्धीच खाल्ली. किती झाल्या? अडीच!

मग कोडं अवघड केलं. तीन भाकरी, पण खाणारे पाच. वर्ग गप्प. पाव काढून चालेना, चार तुकडे करून चालेना. बऱ्याच वेळाने ती अर्धी-पाववाली मुलगी पुढे आली. तिने तिन्ही भाकरी अर्ध्या केल्या. अर्धुकं झाली सहा. पाच वाटली. उरलेल्या एका अर्धुकाचे तिने पाच चिंचोळे तुकडे केले आणि एकेक वाढला. प्रत्येकाला अर्धी भाकरी आणि वर एक दशमांश!

माझ्या अंगावर काटा आला, कारण हे उत्तर मी आधी वाचलं होतं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये आहमोस नावाच्या लेखनिकाने गणितांची एक लांबलचक गुंडाळी लिहिली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात दहा माणसांना भाकरी वाटायची गणितं आहेत. दहा जणांना सहा भाकरी, म्हणजे पाच जणांना तीन, तसंच की! आहमोसचं उत्तर: प्रत्येकाला अर्धी आणि एक दशमांश. नाईल नदीकाठी तेच, दमणगंगेकाठीही तेच.

पुढचं गणित होतं दहा माणसांना सात भाकरी. तिथे आहमोसने लिहिलं, प्रत्येकाला दोन तृतीयांश आणि वर एका भाकरीचा तिसावा हिस्सा. बेरीज बरोबर येते. पण भाकरीचे तीस तुकडे करायचे?

मी वर्गाला म्हटलं, याहून सोपी वाटणी सापडते का बघा. त्याच अर्धी-पाववाल्या मुलीने सात चकत्या उचलल्या. पाच अर्ध्या केल्या, दहा अर्धुकं दहा जणांपुढे ठेवली. तिच्या हातात दोन भाकरी उरल्या. कात्री उघडून ती थांबली आणि आमच्याकडे बघू लागली.

तुम्ही असता तर कुठे कापलं असतं?